जुन्या गाडीचे ब्रेक पेडल मऊ का लागते आणि दोष कसा शोधावा

ब्रेकचे पेडल मऊ लागते अशी तक्रार घेऊन जुनी गाडी गॅरेजमध्ये गेली, की बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढली जाते, ब्रेक ऑइल वरपर्यंत भरले जाते आणि गाडी मालकाच्या हवाली केली जाते. काही दिवस पेडल बरे वाटते आणि मग पुन्हा खाली जाऊ लागते. हवा आपोआप तयार होत नाही. ती जिथून आत शिरली ती जागा तशीच राहिली असेल, तर हवा पुन्हा शिरणारच. शिवाय कित्येकदा दोष हवेचा नसतोच. म्हणून पाना हातात घेण्याआधी पेडल पायाखाली कसे वागते हे शांतपणे पाहावे. ते किती खाली जाते, तिथे थांबते की घसरत राहते, स्प्रिंगसारखे उसळते की खाली जाऊन घट्ट होते, आणि लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर काय होते, एवढे नीट पाहिले तर दोष कुठे आहे याचा बराचसा उलगडा तिथेच होतो. पुढचे विवेचन प्रीमियर पद्मिनी, ॲम्बेसेडर, महिंद्राची जुनी जीप, जुनी मारुती 800 अशा, एबीएस (ब्रेक मारताना चाके अडकू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) नसलेल्या गाड्यांबद्दल आहे.

या गाड्यांतील ब्रेकची रचना साधी आहे. पेडलला जोडलेला दांडा मास्टर सिलिंडरमधील पिस्टन पुढे ढकलतो. पिस्टनवर रबरी वॉशर असतो, तो ऑइल मागे निसटू देत नाही. पुढे ढकललेले ऑइल धातूच्या बारीक नळ्यांतून आणि चाकांजवळच्या रबरी होज पाइपांतून प्रत्येक चाकापर्यंत जाते. ड्रम ब्रेक असेल तर तिथल्या व्हील सिलिंडरचे पिस्टन ब्रेक शू बाहेर ढकलून ड्रमवर टेकवतात. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरचा पिस्टन पॅड डिस्कवर दाबतो. हे सगळे चालते ते द्रव दाबाखाली जवळजवळ आकुंचन पावत नाही या एका गुणावर.

यात किती थोडे ऑइल हलते याची कल्पना सहसा नसते. उदाहरणासाठी मास्टर सिलिंडरचा आतला व्यास 20 मिलिमीटर धरू आणि पेडलची तरफ 5 पटीची धरू. पेडल 5 सेंटीमीटर खाली गेले, की पिस्टन 1 सेंटीमीटर पुढे सरकतो आणि साधारण 3 घनसेंटीमीटर ऑइल पुढे जाते, म्हणजे चहाचा एक चमचाही पुरता भरणार नाही इतके. आता पायाने 10 किलोचा जोर दिला, तर पिस्टनवर 50 किलोचा जोर येतो आणि ऑइलमध्ये दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 16 किलो दाब तयार होतो. या नळ्यांत कुठे एक घनसेंटीमीटर हवा अडकलेली असेल, तर एवढ्या दाबाखाली ती आक्रसून सतराव्या हिश्श्याइतकी होते. तिने रिकाम्या केलेल्या जागेत जवळजवळ एक घनसेंटीमीटर ऑइल जाते आणि पेडल दीड सेंटीमीटर जास्त खाली जाते. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबला की तो जसा उसळून परत येतो, तशीच उसळी पायाला जाणवते. हवेचे हे खास लक्षण आहे.

हाच हिशेब ड्रमला लावून पाहिला, तर गोंधळ कुठे होतो ते कळते. चार चाकांत मिळून व्हील सिलिंडरचे आठ पिस्टन असतात. लायनर, म्हणजे शूवरचे ड्रमला घासणारे अस्तर, झिजल्यामुळे प्रत्येक पिस्टनला अर्धा मिलिमीटर जास्त सरकावे लागत असेल आणि त्यांचाही व्यास 20 मिलिमीटर असेल, तर सव्वा घनसेंटीमीटर ऑइल नुसते शू आणि ड्रम यांमधील फट भरण्यातच जाते आणि पेडल दोन सेंटीमीटर खाली जाते. इथे हवेचा एक थेंबही नाही. कितीही वेळा हवा काढली तरी काही फरक पडणार नाही, कारण गरज ब्रेक ॲडजस्ट करण्याची, म्हणजे शू ड्रमच्या जवळ आणण्याची आहे.

तेव्हा तपासणी सपाट जागी, इंजिन बंद ठेवून आणि चाकांना लाकडी ठोकळे लावून सुरू करावी. गाडीला व्हॅक्यूम बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत करणारा भाग) असेल, तर आधी पाच-सहा वेळा पेडल दाबून त्यातील व्हॅक्यूम संपवावा. बूस्टरबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. पेडल दाबून ठेवून इंजिन सुरू केले की पेडल थोडे खाली जाते. बूस्टर नीट काम करतो याची ती खूण आहे, तो बिघाड नव्हे. बूस्टर बिघडला तर पेडल उलट कडक होते, गाडी थांबवायला जास्त जोर लावावा लागतो. मऊ पेडलच्या तक्रारीवर बूस्टर बदलून देणारा पैसे वाया घालवतो.

पहिली चाचणी पेडल दाबून धरून ठेवण्याची. मध्यम जोराने पेडल दाबावे आणि मिनिटभर पाय तसाच ठेवावा. पेडल एका जागी थांबले पाहिजे. ते हळूहळू खाली घसरत असेल, तर ऑइल कुठूनतरी बाहेर जात आहे किंवा मास्टर सिलिंडरच्या आतच वॉशरच्या कडेने मागे निसटत आहे. ही चाचणी जोराने केल्यावर सोडून देऊ नये. अगदी हलक्या पायानेही करावी. जोराचा दाब असताना रबरी वॉशरची कड पसरून सिलिंडरला घट्ट चिकटते आणि दोष झाकला जातो, तर हलक्या दाबात तीच कड सैल राहून ऑइल निसटू देते. म्हणूनच ‘सिग्नलला थांबलो असताना पेडल आपोआप खाली जाते, पण जोरात दाबले तर ब्रेक लागतो’ अशी तक्रार आली, तर मास्टर सिलिंडरकडेच पाहावे. रिझर्व्हॉयरमधील, म्हणजे ब्रेक ऑइलच्या टाकीतील, ऑइल कमी होत नसेल आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर शंका उरत नाही.

दुसरी चाचणी पेडल लागोपाठ दोनदा दाबण्याची. पहिल्या दाबात पेडल बरेच खाली जाते आणि लगेच दुसऱ्या दाबात वर येऊन कडक लागते, असे असेल तर शू आणि ड्रम यांमधील अंतर वाढलेले आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दाबात ते वर येते, पण उसळी कायम राहते, तर हवा आहे. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करतो, तिथे आणखी एक सोपी खात्री करता येते. हँडब्रेक एक-दोन दात ओढून मग पेडल दाबावे. पेडल लगेच वर लागले, तर मागच्या शूंचे अंतर जास्त आहे, कारण हँडब्रेकने ते आधीच ड्रमजवळ आणून ठेवले. ज्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांकडे शक्ती वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो, तिथे ही चाचणी उपयोगाची नाही.

पेडलपासून पिस्टनपर्यंतच्या दांड्याची मोकळीक, म्हणजे फ्री प्ले, याच वेळी पाहून घ्यावी. जुन्या जीपमध्ये ती पेडलच्या टोकाशी साधारण अर्धा इंच असते. जास्त असेल तर तेवढे पेडल फुकट जाते. मोकळीक अजिबातच ठेवली नाही, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि ब्रेक धरून बसतात, ड्रम तापतात. पेडल उंच यावे म्हणून हा दांडा लांब करून देणे हा अतिशय धोकादायक उपाय आहे.

डिस्क ब्रेकच्या गाडीत एक फसवे लक्षण दिसते. खराब रस्त्यावरून किंवा मोठ्या वळणानंतर पहिला ब्रेक खाली जातो, दुसरा नीट लागतो, आणि उभ्या गाडीत मात्र काहीच सापडत नाही. चाकाचे बेअरिंग सैल असेल किंवा डिस्क वाकडी फिरत असेल, तर ती पॅडना मागे ढकलते आणि पहिल्या दाबातील ऑइल त्यांना परत जागेवर आणण्यात खर्च होते. चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवून पाहिले की बेअरिंगची खुटखुट हाताला कळते.

पेडल सकाळी उत्तम आणि घाट उतरताना मऊ, असे होत असेल तर ऑइल जुने झाले आहे. डॉट 3 आणि डॉट 4 ही ब्रेक ऑइल हवेतील बाष्प शोषून घेतात. रिझर्व्हॉयरच्या झाकणातील छिद्रातून आणि रबरी होजमधूनही पाणी हळूहळू आत जाते. नवे डॉट 3 किमान 205 अंश सेल्सिअसला उकळू लागते, त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की हा किमान अंक 140 अंशांवर येतो. डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155 आहेत. आंबोली किंवा कशेडीसारखा लांब उतार सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरले, की चाकांजवळचे ऑइल या मर्यादेपर्यंत तापू शकते. ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात आणि वाफ हवेसारखीच दबते. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल परत येते, आणि गॅरेजमध्ये पोचेपर्यंत दोष दिसेनासा होतो. पेडल कडकच राहते पण गाडी थांबत नाही, हे लक्षण वेगळे आहे; तिथे लायनर तापून त्याची पकड कमी झालेली असते. कोकणात, पावसाळ्यातील दमट हवेत वापरल्या जाणाऱ्या गाडीचे ऑइल दोन वर्षांनी पूर्ण बदलावे असे माझे स्पष्ट मत आहे, मग गाडी किती किलोमीटर चालली याचा हिशेब करू नये. उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइलही पाणी पितच असते.

आता गळती. रिझर्व्हॉयरमधील पातळी कमी झालेली दिसली, तर नुसती भरून पुढे जाऊ नये. लायनर किंवा पॅड झिजल्यावर पातळी थोडी उतरते हे खरे. पण आठवड्याभरात उतरत असेल तर गळती आहे. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाशी, जिथे दांडा आत जातो तिथे, बोट फिरवून पाहावे. प्रत्येक टायरची आतली बाजू आणि ड्रममागच्या पत्र्याची खालची कड पाहावी. मागच्या ॲक्सलवरून जाणारी नळी आणि ॲक्सलपाशी असणारा होज पाइप हात लावून तपासावा. चिखलाच्या थराखाली नळी गंजून झिरपत असते. मागच्या चाकाशी ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलचीच असते असे नाही, कारण ॲक्सलचे सील गेल्यावर गिअर ऑइलही तिथेच येते. ओलीचा थेंब बोटावर घेऊन वाटीभर पाण्यात सोडावा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जाते, गिअर ऑइल तवंग होऊन वर तरंगते आणि त्याला उग्र वासही असतो. दोन्हींपैकी काहीही लायनरला लागले असेल, तर तो लायनर बदलावा लागतो. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा हवेच्या दाबाने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये फुप्फुसांना घातक असे ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

बाहेर ओल नाही, पेडल घसरत नाही, ॲडजस्टमेंट नीट आहे, हवाही काढली आहे, तरी पेडल उसळते, अशा वेळी होज पाइपांकडे वळावे. दुसऱ्याला पेडल जोराने दाबायला सांगून प्रत्येक होज हातात धरावा. जुने रबर फुगताना बोटांना जाणवते. दोष कोणत्या चाकाकडे आहे हे वेगळे काढायचे असेल, तर होज दाबण्याच्या खास क्लॅम्पने सगळे होज बंद करून पेडल पाहावे. ते वर आणि कडक लागले तर मास्टर सिलिंडर आणि तिथवरच्या नळ्या निर्दोष आहेत. मग एक-एक क्लॅम्प सोडत जावे. ज्या चाकाचा सोडल्यावर पेडल खाली जाते, दोष तिथे. साध्या पकडीने होज चिमटू नयेत, आतले रबर फाटते. होज तडकलेले दिसत असतील तर ही चाचणी न करता ते सरळ बदलावेत. ते तसेही बदलायला झालेलेच आहेत.

ड्रम ब्रेकच्या गाडीत उसळीचे आणखी एक कारण आहे आणि ते नेमके दुरुस्तीनंतर उद्भवते. घासलेला ड्रम लेथवर टर्निंग करून घेतला की त्याचा आतला व्यास वाढतो. नव्या लायनरची गोलाई मूळ व्यासाची असल्याने शू आधी मधल्या भागात टेकतो आणि दाब वाढला की थोडा वाकतो. हे वाकणे पायाला हवेसारखे लागते. लायनर ड्रमच्या गोलाईला जुळेल असा घासून घेतला किंवा काही अंतर चालून बसला की पेडल सुधारते. हे ठाऊक नसले की लोक आठवडाभर हवा काढत बसतात.

मास्टर सिलिंडरबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवे, कारण जुन्या गाडीत सर्वाधिक नुकसान इथेच, आणि तेही हवा काढताना होते. रोजच्या वापरात पिस्टन सिलिंडरच्या पहिल्या भागातच मागे-पुढे होत असतो. पुढच्या भागात वॉशर कधी पोचतच नाही. ऑइलमधील पाणी तिथे साचून गंज धरतो, बारीक खड्डे पडतात, कडा खरखरीत होतात. हवा काढताना मदतनीस पेडल थेट फ्लोअरपर्यंत दाबतो आणि वॉशरची नाजूक कड त्या खरखरीत भागावरून ओढली जाते. सकाळपर्यंत बरा असलेला मास्टर सिलिंडर त्याच संध्याकाळी आतून गळू लागतो. हे टाळण्यासाठी पेडलखाली योग्य उंचीचा लाकडी ठोकळा ठेवावा, म्हणजे ते रोजच्यापेक्षा फार खाली जाणार नाही. सिलिंडर उघडलाच असेल, तर आतली भिंत पुसून उजेडात पाहावी आणि नख फिरवावे. नख अडकते तिथे नव्या रबरांचे किट टिकणार नाही. अशा वेळी पूर्ण मास्टर सिलिंडर बदलणेच योग्य. रबरे आणि सिलिंडर धुवायला पेट्रोल, रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. खनिज तेलाने ही रबरे फुगतात. कोणी रिझर्व्हॉयरमध्ये चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचे ऑइल ओतले असेल, तर ते काढून टाकून भागत नाही. होजसह सगळी रबरे बदलून नळ्या धुवाव्या लागतात.

फ्लोअरखाली चासीवर मास्टर सिलिंडर असणाऱ्या जुन्या जीपमध्ये चिखल आणि ओढ्याचे पाणी थेट त्यावर येते. ऑइल भरण्याची बूच उघडण्याआधी भोवतालचा चिखल धुऊन कोरडा करावा, कारण आत पडलेला एक खडा वॉशर कापायला पुरेसा होतो. या गाड्यांत सर्व चाकांना मिळून एकच दाबवाहिनी असते. एका चाकाशी गळती झाली तरी चारही ब्रेक जातात. त्यामुळे जीपमध्ये झिरपणारे व्हील सिलिंडर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून सोडता कामा नये.

हवा काढण्याचे काम दोघांचे आहे. पुढच्या चाकांना एक आणि मागच्या चाकांना एक अशा दोन वाहिन्यांच्या आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मास्टर सिलिंडरपासून सर्वात लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी घेतात, मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. वाहिन्या तिरप्या, म्हणजे पुढचे एक आणि विरुद्ध बाजूचे मागचे चाक अशा जोडलेल्या असतील तर क्रम बदलतो, तेव्हा गाडीचे मॅन्युअल पाहावे. निपलवर, म्हणजे चाकापाशी हवा काढण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूवर, पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीतील ताज्या ऑइलमध्ये बुडवावे. चाकापाशी बसलेल्याने ‘दाब’ म्हणावे, निपल पाव फेरा सैल करावे, नळीतून बुडबुडे जाताना दिसतात. पेडल ठोकळ्याला टेकले की आतल्याने ‘धरलंय’ म्हणावे, निपल आवळावे, आणि मगच ‘सोड’. निपल उघडे असताना पेडल सुटले, की काढलेली हवा परत आत ओढली जाते. घाईने पंपिंग केल्यास हवेचे बारीक बुडबुडे ऑइलमध्ये मिसळून फेस होतो आणि तो निघायला तास लागतात. काम चालू असताना रिझर्व्हॉयर कधीही रिकामा होऊ देऊ नये. बाटलीत जमलेले ऑइल परत भरू नये. रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवावे.

बराच वेळ काढूनही हवा संपत नसेल, तर निपल कुठे आहे ते पाहावे. कॅलिपर उघडून परत बसवताना डावा-उजवा अदलाबदल झाला, तर निपल खाली येते आणि वरच्या कोपऱ्यातील हवा कधीच बाहेर पडत नाही. नवा मास्टर सिलिंडर बाकावर आधी ऑइलने भरून न घेता तसाच चढवला असेल, तर हवा त्याच्यातच अडकलेली असते.

ब्रेक ॲडजस्ट करण्याचे काम हवा काढण्याच्या आधी करावे, म्हणजे मोजायला एकच गोष्ट उरते. चाक उचलून ॲडजस्टर (शू ड्रमकडे सरकवणारा भाग) इतका फिरवावा की चाक अडेल, मग चाक मोकळे फिरेपर्यंत मागे घ्यावा. किंचित घासल्याचा आवाज चालतो. चारही चाकांना सारखे लक्ष द्यावे, नाहीतर ब्रेक मारताच गाडी एका बाजूला ओढते.

पेडल फ्लोअरला टेकत असेल तर ती गाडी गॅरेजपर्यंतही चालवू नये, ओढून न्यावी. पंपिंग करून ब्रेक लागतो म्हणून रोज गाडी नेणारे पुष्कळ आहेत. पण समोर अचानक कोणी आल्यावर दुसऱ्यांदा पेडल दाबायला वेळ मिळत नाही. चालत्या गाडीत पेडल गेलेच, तर पंपिंग करत राहावे, एकेक गिअर खाली आणावा आणि हँडब्रेक झटका न देता, बटण दाबून धरून हळूहळू ओढावा.

दुरुस्ती झाल्यावर आधी उभ्या गाडीत दोन्ही चाचण्या पुन्हा कराव्यात, हलक्या पायाची विसरू नये. मग मोकळ्या मैदानात ताशी 10-15 किलोमीटर वेगाने काही वेळा थांबून पाहावे आणि उतरून प्रत्येक ड्रमजवळ हात नेऊन कोणता जास्त तापला ते बघावे. रिझर्व्हॉयरवर त्या दिवशीच्या पातळीला पेनाने खूण करून ठेवावी आणि आठवड्याने ती खूण व चारही टायरांची आतली बाजू पुन्हा तपासावी.